विषाणूला चूल नसते

बौद्धवाडी, बोर्ली पंचतन
रविवार, २९ जून, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे

चि. दिपेश यास काकाचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ते वाक्य मी इथे लिहून ठेवतो. त्यात खरं किती ते पुढे येईलच. तुझी तब्येत कशी आहे? ट्रेलरवर बसून कंबर धरते असं तू दिवाळीत फोनवर म्हणाला होतास (भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, एक मिनिट चाळीस सेकंद बोललास). कमरेला उशी घे. उरणचं पाणी उकळून पी. उकळून म्हणजे कोमट करून नव्हे, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट मोजून. आता तू विचारशील की काका, एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन का नाही केला? केला होता. चार वेळा केला. तीन वेळा तू ‘काका, गाडीवर आहे’ म्हणालास आणि चौथ्यांदा तुझ्या क्लीनरने तेच वाक्य तुझ्या वतीने म्हटलं. पत्र मध्येच कट करता येत नाही, एवढा त्याचा फायदा. (फाडता येतं. ते निदान पान नऊपर्यंत फाडू नकोस. मी पानांना आकडे घातले आहेत.)

विषय तुझ्या आईचा आहे. घाबरू नकोस, ती धडधाकट आहे, काल तिने माझ्यादेखत चाळीस किलो खताची गोण एकटीने पडवीत ओढली आणि मला मदत करू दिली नाही. पण गुरुवारपासून आपली लावणी. तुझा बाप, माझा दादा, गेल्या वर्षी ज्या खाचरात उतरला त्याच खाचरात ती उतरणार. त्याआधी तिने एक औषध घ्यायला हवं: दोनशे मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर. (गरोदर बायांना आणि लहान मुलांना नाही; वहिनी दोन्हींत बसत नाही.) सरकार फुकट देतं. अमिषा घरी आणून देते. आणि तुझी आई घेत नाही. तिचं बघून अख्खी वाडी घेत नाही. आणि त्याचं कारण तुझा हा काका आहे. पुढची सगळी पानं याच कारणाची आहेत.

तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण क्रम मोडलेला मला चालत नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो त्याला यंदा सत्तावीस वर्षं होतील. परिचर म्हणजे परीक्षानळ्या धुणारा. नळ्या धुता धुता मी आठवी ते बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं वाचली, एकदा नाही, प्रत्येक आवृत्ती बदलली की पुन्हा. शाळेने टाकून दिलेला सूक्ष्मदर्शक मी मागून घेतला, त्याचं भिंग टूथपेस्टने घासून साफ केलं. (टूथपेस्ट नको होती. ओरखडा आला. तो आता प्रत्येक पेशीत दिसतो, पण मुलांना सवय झाली आहे.) आणि समाजमंदिरात रविवारचा वर्ग सुरू केला. शाळेत बाईंनी आणि सरांनी जे पुस्तकातून शिकवलं ते मी तिथे मुलांना घरातल्या गोष्टींवरून शिकवलं, आणि खोटा विनय न करता सांगतो, जास्त चांगलं शिकवलं.

ते असं. जिवाणू म्हणजे एका खोलीचं का होईना, पण स्वतःचं घर. त्याला भिंत आहे, आत डीएनएची वही आहे, आणि वहीत लिहिल्याप्रमाणे रांधायला चूल आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, कोणाचे उपकार नाहीत. विषाणू म्हणजे नुसती वहीची चार पानं आणि त्यावर प्रथिनाचं वेष्टन. घर नाही, चूल नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो, आपली पानं तिथल्या चुलीपुढे धरतो आणि त्यांच्याच लाकडावर आपली पंगत उठवून घेतो. (काही विषाणूंची वही डीएनएची नसते, आरएनएची असते, करोना त्यांतला. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी मुलं इथे जांभई देतात.) आता अँटिबायोटिक काय करतं? जिवाणूची भिंत पाडतं, नाहीतर चूल विझवतं. विषाणूला चूलच नसते, मग विझवणार काय? म्हणून सर्दी, फ्लू, व्हायरल तापावर अँटिबायोटिक घेऊ नये. उगाच घेतलं तर ज्या दोन-चार जिवाणूंच्या वहीत औषधाला चुकवायची युक्ती लिहिलेली असते तेवढेच जगतात, आणि त्या पानाची नक्कल शेजारच्यालाही देतात, परीक्षेत देतात तशी. यातलं एक अक्षर चूक नाही. आजही नाही. ‘विषाणूला चूल नसते’ हे वाक्य मी समाजमंदिराच्या भिंतीवर सहा इंची अक्षरांत ऑइल पेंटने लिहून घेतलं होतं, ते तू पाहिलं आहेस.

गेल्या वर्षी जूनमध्ये अमिषा आली. (आपल्या वाडीची आशाताई. तुझ्याबरोबर दहावीला होती, गणितात तुझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त.) तिने पिशवीतून गोळ्या काढल्या आणि लावणीला जाणाऱ्यांना वाटू लागली. मी विचारलं, ही कसली गोळी? ती म्हणाली, पावसाळ्यातल्या तापाची. झालं. ‘पावसाळ्यातला ताप’ एवढं ऐकलं आणि मी उभा राहिलो. ताप यायच्या आधी गोळी? आणि तीही व्हायरलला अँटिबायोटिक? मी पाऊण तास बोललो. भिंतीवरचं वाक्य हाताने दाखवून बोललो. (अमिषा पुढे ‘लेप्टो’ असंही म्हणाली होती म्हणे. ते तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली तेव्हा मी बोलत होतो.) तुझ्या बापाने गोळी तोंडाकडे नेली होती. माझं ऐकून त्याने ती परत कागदात गुंडाळली, अमिषाच्या पिशवीत टाकली आणि चारचौघांत म्हणाला, ‘आमचा भागोजी सांगतोय म्हंजे तसंच असंल.’ तसं म्हणताना तो वाडीकडे बघत होता, आपला भाऊ किती शिकला आहे ते सगळ्यांना दिसतंय ना, अशा नजरेने. ते मी पाहिलं. मला ते फार आवडलं. त्यानंतर वाडीतल्या एकूण एक माणसाने गोळी परत केली.

आता यंदाची हकिकत. यंदा मी स्वतः अमिषाबरोबर निघालो, तिची पिशवी खांद्याला लावून. पहिलं घर गोदूबाईचं. तिला ऐंशी पुरी झाली, पण नातसुनेबरोबर अजून रोपं खणायला जाते. मी म्हटलं, गोदूआत्ये, ही गोळी घ्यायची. ती म्हणाली, ‘तू तं बोलला व्हतास, ज्याला चूल न्हाय त्याला गोळी न्हाय. माज्याकडं कवाच गॅस आलाय.’ मी तिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मला चहा दिला, आणि गोळी बशीत ठेवून परत दिली. दुसरं घर विनेशचं. तो आता सहा आसनी रिक्षा चालवतो, बोर्ली ते दिघी जेट्टी. म्हणतो, ‘काका, रेझिस्टन्स येईल, तुम्हीच शिकवलंय.’ मी म्हटलं, अरे, ते गरज नसताना. तो म्हणाला, ‘मला तं कायच होत नाय. म्हंजे गरज न्हायच.’ वर हेही सांगितलं की जेट्टीपर्यंतच्या प्रवासात तो हेच सगळं पॅसेंजरना शिकवतो, आणि आगरदांड्याहून बोटीने येणारी माणसंसुद्धा आता ‘विषाणूला चूल नसते’ म्हणतात. म्हणजे माझं बरोबर वाक्य चुकीच्या जागी लागून खाडीपलीकडे पोचलं आहे. साथ कशी पसरते हे मी वीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं. एवढं चांगलं उदाहरण मला कधी मिळालं नव्हतं.

म्हटलं, आधी ती भिंत पुसावी. मंगळवारी मी चुना कालवून वाक्यावर दोन हात मारले. बुधवारी पाऊस. चुना वाहून गेला आणि अक्षरं धुतल्यामुळे आधीपेक्षा ठळक झाली. (पेंट मी तेव्हा हट्टाने चांगल्या प्रतीचा घेतला होता.) मग ठरवलं, वाक्य पुसायचं नाही, पुरं करायचं. शिडी लावली, वर चढलो, ‘पण जिवाणूला असते’ एवढं लिहायचं होतं. ‘पण’ लिहून झालं आणि सर आली. आता भिंतीवर ‘विषाणूला चूल नसते पण’ असं आहे. वाडीतली माणसं जाता-येता विचारतात, पण काय? सहा घरांतून हा प्रश्न आला आहे. गोदूबाईने दोनदा विचारला.

वर्गात गेलो तर तिथे मृणाली. नववीत आहे, चष्मा, वहीत तारखेसकट सगळं टिपते. मला तिच्यात माझं फार काही दिसतं, आणि म्हणूनच तिची भीती वाटते. दादा गेल्यापासून मी जिवाणूंचा धडा गाळून थेट वनस्पतींवर गेलो होतो, हेही तिनेच पकडलं होतं. आज सकाळी मी लेप्टोस्पायरा शिकवला. जिवाणू आहे, विषाणू नाही. उंदराच्या लघवीतून खाचराच्या पाण्यात येतो, गुराढोरांच्याही. चिखलात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, भेगेतून, ओरखड्यातून आत जातो. त्याला चूल आहे, आणि ही गोळी तीच चूल बंद पाडते. मृणालीने हात वर केला. ‘काका, गरज नसताना घ्यायची नाही. मग गरज आहे की नाही ते कशावरून ठरवायचं?’ चांगला प्रश्न. मी चाळीस मिनिटं उत्तर दिलं. तिने सगळं लिहून घेतलं आणि परत हात वर केला. ‘म्हणजे आपल्या वाडीत कोणाला झाला होता का?’ मी म्हटलं, घंटा झाली, आज इथेच थांबू. रविवारच्या वर्गाला घंटा नसते. मुलं गुपचूप उठून गेली. कोणी हसलं नाही, याचंच वाईट वाटलं.

शेवटचा उपाय म्हणून सूक्ष्मदर्शक उचलून तुझ्या आईकडे नेला. आपल्या खाचरातलं पाणी पेल्यात घेतलं, थेंब काचेवर ठेवला. (लेप्टो या यंत्रात दिसत नाही, त्याला काळ्या पार्श्वभूमीचं वेगळं यंत्र लागतं, हे मला ठाऊक आहे. पण काहीतरी वळवळताना दिसलं तर तिला पटेल, असा हिशोब. शास्त्राच्या दृष्टीने हा खोटेपणा होता. या प्रकरणात तो सगळ्यात लहान.) वहिनीने डोळा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, ‘काळ्या काड्या दिसतात.’ मी म्हटलं, हलतात का? म्हणाली, ‘मी डोळा मिचकावला की हलतात. माज्याच पापन्या हायत ह्या. ह्येंना भिऊ?’ मग तिने यंत्र बाजूला सरकवलं आणि मला सरळ विचारलं, गेल्या साली नको बोललास, यंदा घे बोलतोस, मधल्यामधी काय झालं? मी म्हटलं, वहिनी, शास्त्र पुढे गेलं. ती म्हणाली, ‘एका सालात?’ मी म्हटलं, हो. ‘मंग आजून एक साल थांबते. मागं येतंय का बघते.’

दिपेश, तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ते एका कागदावर आहे आणि तो कागद मी नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ठेवला आहे. आता पान नऊ.

दादाला ताप आला तेव्हा मी म्हटलं, व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल. वहिनी म्हणत होती दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, नेऊन काय, ते अँटिबायोटिक देतील. चार दिवस मी त्याला घरी ठेवला. पेज दिली, पॅरासिटॅमॉल दिली, दर सहा तासांनी ताप मोजून वहीत टिपला. ती वही आहे माझ्याकडे. १०२.२, १०३, १०३.४. आकडे सगळे बरोबर आहेत. तो म्हणायचा, भागोजी, पोटऱ्या पिळून निघतात रे. मी म्हणायचो, लावणी केलीस ना, अंग आंबलंय. त्याचे डोळे लाल झाले, मी म्हटलं, धूर. पाचव्या दिवशी डोळ्यांत पिवळं दिसलं तेव्हा नेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला: चिखलात उतरले होते का? दुसरा: पोटऱ्या दुखतात का? दोन प्रश्न. मला चार दिवसांत एकही सुचला नव्हता, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. त्या जिवाणूची दोन्ही टोकं आकडीसारखी वळलेली असतात, मोठ्या यंत्रात तो प्रश्नचिन्हासारखा दिसतो, हे मी नंतर वाचलं. तोवर दादाची मूत्रपिंडं थांबली होती. नवव्या दिवशी तो गेला. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी रक्ताचा अहवाल माझ्या हातात आला, कारण कागदावर फोन नंबर माझा होता. लेप्टोस्पायरोसिस. वाडीला मी कावीळ सांगितलं होतं. कावीळ झाली होतीच, ते खोटं नव्हतं. ते अर्धं होतं. आरोग्य खात्याची माणसं पाण्याचे नमुने घ्यायला आली तेव्हा लोकांनी समजून घेतलं की कावीळ पाण्यातून पसरते म्हणून आली असतील. मी तो समज मोडला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू मला विचारलंस, ‘काका, पहिल्याच दिवशी का नाही नेलं?’ आणि मी तुला यकृताचं कार्य समजावून सांगितलं. तू ऐकून घेतलंस, बॅग उचललीस आणि गेलास. अकरा महिने झाले. तो कागद माझ्या खिशात होता, दिपेश. शर्टाच्या, डाव्या.

हे तुला आधी सांगतो आहे, वाडीला नंतर, कारण मुलगा पहिला.

या अकरा महिन्यांत मी एक गोष्ट ताळून पाहिली. तुझ्या डीएनएचा निम्मा भाग तुझ्या बापाकडून आला, त्यात कमी-जास्त होत नाही. माझा आणि त्याचा, सख्खे भाऊ म्हणून, सरासरी निम्मा सारखा. मला वाटलं होतं, तू निम्मा आणि मी निम्मा, दोघं समोरासमोर बसलो तर तो पुरा भरावा. भरत नाही. काही पानं तुझ्याकडे आहेत तीच माझ्याकडेही आहेत, आणि काही पानं दोघांकडेही नाहीत. दोघं मिळून पाऊण होतो, सरासरी. पाव भाग कुठेच नाही. मी तीन वेगवेगळ्या रीतींनी काढून पाहिलं, तेवढंच येतं. (वहिनीकडे शास्त्राप्रमाणे त्याचं काहीच नाही. हे मी तिला सांगायला गेलो नाही. तेवढी अक्कल आता आली आहे.)

तर विनंती एवढीच, की पत्र मिळताच आईला फोन कर आणि सांग, काकाचं ऐकू नकोस, माझं ऐक, गोळी घे. का ते विचारलं तर पान नऊ वाचून दाखव. मला जे बोलायचं असेल ते गाडी बाजूला लावून बोल. मी कट करणार नाही. विनेश उद्या सकाळी पनवेलला रिक्षाचा पार्ट आणायला जातो आहे, तिथून उरणच्या गाडीने येऊन तुला हे हातात देईल. कंबर सांभाळ.

तुझा काका,
भागोजी

ता. क. – संध्याकाळचे सहा वाजले. फोन आता करायची गरज नाही. झालं असं की पाकिटावर घालायला तुझ्या खोलीचा पत्ता विचारायला मी वहिनीकडे गेलो. ती पडवीत सुकट निवडत बसली होती. म्हणाली, एवढं काय लिवलंस त्याला? वाच. मी वाचायला बसलो. पान आठ झालं, मी पान दहा घेतलं. ती वर न बघता म्हणाली, ‘मांडीखाली एक ऱ्हायलं.’ मग वाचलं. ती निवडायची थांबली, मग परत निवडू लागली. निवडलेली आणि न निवडलेली सुकट एकाच सुपात जात होती. तिच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं आणि मी बोललो नाही. (हे मुद्दाम नोंदवतो, कारण मी न बोलल्याचे प्रसंग मोजकेच आहेत.) सूप खाली ठेवून म्हणाली, ‘पोटऱ्यांचं तो मलाबी बोलला व्हता. मीबी तुजंच ऐकलं.’ मग हात धुतले, म्हणाली, ‘दे.’ मी म्हटलं, आधी जेवलीस का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गोळी दिली. (दुपारी जेवली होती. मी नंतर गोदूबाईकडून खात्री करून घेतली.) मला तिने माफ वगैरे काही केलेलं नाही. तसं विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि तिने विषय काढला नाही. फक्त दोन गोष्टी सांगितल्या. उद्या संध्याकाळी समाजमंदिरात सगळ्यांपुढे पान नऊ वाचायचं, त्यात सुधारणा करायची नाही. आणि गुरुवारी खाचरात दादाची ओळ मी लावायची. म्हणून पान नऊची नक्कल करून घेतली आहे. तुझ्याकडे येते आहे ती मूळ प्रत. दोन्ही ताळून पाहिल्या, एका स्वल्पविरामाचा फरक पडला आहे.

ता. क. दुसरा – मी जन्मात लावणी केलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. दादाने करू दिली नाही, म्हणायचा, तुझे हात काचेच्या कामाचे. तरी विनेशबरोबर गुडघ्यापर्यंतचे गमबूट पाठव, माझा आठ नंबर, तुझ्या आईचा पाच. ती म्हणते, बूट चिखलात ऱ्हातो आन नुसता पाय वर येतो. तरी पाठव. तिच्या टाचांना भेगा आहेत, डाव्या पायाला तीन, उजव्याला दोन.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. ही गोळी एकदाच घेऊन भागत नाही. लावणी चालू आहे तोवर दर आठवड्याला घ्यावी लागते. पुढची रविवारी, सहा तारखेला. मी वहिनीला म्हटलं, मी आणून देईन. ती म्हणाली, ‘तुज्या हातची एक घेतली. फुडची माज्या पोराच्या हातून घेईन, न्हायतर न्हाय घेनार.’ मी तिला समजावलं की औषधाला हात कोणाचा ते कळत नाही. ती म्हणाली, ‘मला कळतं.’ गोळी अमिषाकडे ठेवली आहे. रविवार ते रविवार सात दिवस होतात, दिपेश, आठ नाही. निघायचा दिवस धरून मोजायची तुझी जुनी खोड आहे. सातव्या दिवशी तिचं जेवण व्हायच्या आत पोच.